खंड

डिसेंबरच्या १९ तारखेला संध्याकाळी साडेसहाला माझं कंत्राट संपलं. नेदरलँड्समधल्या एका विमा कंपनीचा ओरॅकलमधला सगळा डेटा पोस्टग्रेसवर हलवायचा होता. अकरा महिने ते काम चाललं. शेवटच्या रात्री एकही नोंद गहाळ झाली नाही. दोन आठवडे नवी व्यवस्था नीट चालतेय याची खात्री करून त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं आणि माझे पासवर्ड बंद केले. सात वाजता सवयीने त्यांची मेल उघडायला गेले, तर खातंच उरलं नव्हतं. आमच्या कामाची रीत अशी की ते चोख झालं की संपतं.

रात्री अण्णांचा फोन आला. बार्शी तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे, तिथे ते अजून ज्वारी, हरभरा करतात. काम संपल्याचं सांगितलं, तर क्षणभर थांबून म्हणाले, "म्हंजे खंड पडला म्हण की."

पाऊस सुरू होऊन मध्येच वीस-पंचवीस दिवस ओढ देतो, त्याला आमच्याकडे खंड म्हणतात. दुष्काळ वेगळा आणि खंड वेगळा. दुष्काळात माणूस गाव सोडतो, खंडात कोळपं धरतो. पुण्यात राहून मी २०१६पासून फ्रीलान्स काम करते आहे. दोन कंत्राटांच्या मधल्या काळाला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

आयटीतल्या नोकरदारांना 'बेंच' ठाऊक असतो. कंपनीकडे प्रकल्प नसला की माणूस बेंचवर बसतो, पण पगार चालू राहतो. धास्ती त्यालाही असते, तरी १ तारखेला खात्यात पैसे येतात. माझा खंड माझ्याच खर्चाने पडतो. आणि तो कधी पडणार याचा थोडाफार अंदाज बांधता येतो, हे कळायला मला तीन वर्षं लागली. नोव्हेंबरच्या अखेरीपासून नवीन वर्ष लागेपर्यंत अमेरिकेतल्या अनेक कंपन्या चालू यंत्रणेला हात लावू देत नाहीत. सणासुदीच्या विक्रीत काही बिघडायला नको असतं. जानेवारीत खर्चाच्या मंजुऱ्या घेण्यात दिवस जातात. युरोपातली माणसं ऑगस्टमध्ये सुट्टीवर असतात. आपल्याकडे मार्चअखेरीला सगळ्यांचं लक्ष हिशेबांकडे असतं. म्हणजे आमच्या धंद्यालाही हंगाम आहेत. डिसेंबरात संपणारं कंत्राट घेतलं, तर फेब्रुवारीपर्यंतची तजवीज मी सही करतानाच करून ठेवते.

पहिला खंड २०१७चा. चार महिने. तोवर आलेला प्रत्येक रुपया मी पगारासारखा खर्च केला होता. गाडीचा हप्ता चालू होता, कर भरायचे पैसेही त्याच खात्यात होते आणि ते मला माझेच वाटत होते. मी कोणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचे, घरातल्यांना वाटायचं काम चालू आहे. तिसऱ्या महिन्यात एका मध्यस्थ संस्थेने निम्म्या दराचं, आठ महिन्यांचं काम देऊ केलं आणि मी दुसऱ्या मिनिटाला होकार दिला. पहिलं बिल नव्वद दिवसांनी मिळालं. त्याच आठ महिन्यांत जुन्या सहकाऱ्याने बोलावलेलं एक चांगलं काम सोडावं लागलं. चार महिन्यांत जे गमावलं, त्याहून जास्त मी त्या घाईच्या होकारात गमावलं. खंडाचं खरं नुकसान इथे होतं, असं माझं ठाम मत आहे. खात्यात नसलेल्या पैशापेक्षा घाबरून केलेली सही महाग पडते.

म्हणून आता पैशाची सगळी रचना एकाच गोष्टीसाठी आहे. नको ते काम नाकारता आलं पाहिजे.

लहानपणी खळ्यावर पाहिलेला क्रम मी उचलला. रास झाली की घरात धान्य यायच्या आधी बलुतेदारांचा वाटा तिथेच मोजला जायचा. मग बियाणं बाजूला. मग घरचं खाणं. उरलं तर बाजार. माझ्याकडे बिलाचे पैसे एका वेगळ्या खात्यात येतात आणि त्याच दिवशी कराचा वाटा तिथून निघतो. आमच्यासारख्यांना कायद्याने एक सोपी वाट दिली आहे. जुन्या कायद्यातल्या ४४एडीए या कलमाच्या नावाने सगळे तिला ओळखतात. वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत असेल आणि त्यातली रोख ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल, तर जमेतली निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. सविस्तर वह्या ठेवाव्या लागत नाहीत, आणि आगाऊ कर १५ मार्चच्या आत एकाच हप्त्यात भरायचा असतो. भारतातले ग्राहक माझ्या बिलातून १० टक्के टीडीएस कापतात, परदेशातले कापत नाहीत. परदेशातून पूर्ण रक्कम आली की माणूस फसतो. मीही त्यातच फसले होते.

कर गेल्यावर शिकण्याचा आणि यंत्रांचा वाटा, ते माझं बियाणं. उरलेल्यातून मी स्वतःला दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक रक्कम 'पगार' म्हणून देते. भरपूर काम असलं तरी तेवढीच, खंड असला तरी तेवढीच. या खात्यात सहा महिन्यांचा पगार साठेपर्यंत आम्ही सोफा बदलला नाही, दिवाळीत कुठे गेलो नाही. माझे यजमान शाळेत शिक्षक आहेत. त्यांच्या पगारात घराचा हप्ता बसतो, हा आधार मोठा आहे आणि तो प्रत्येकाला नसतो. एकट्या कमावत्या माणसाने सहाऐवजी नऊ महिन्यांचं साठवावं.

दर ठरवतानाही खंड मोजावा लागतो. वर्षातले शनिवार-रविवार वजा केले की साधारण २६१ दिवस उरतात. सणवार, आजारपण आणि तीन महिन्यांचा खंड काढला की हाती राहतात १७०. समजा वर्षाला १७ लाख हवे आहेत. नोकरदार माणूस त्याला २६१ ने भागून दिवसाला साडेसहा हजार म्हणतो आणि सहा महिन्यांत अडचणीत येतो. १७० ने भागलं की १०,००० येतात. तेवढे मागायला पहिल्यांदा माझी जीभ रेटत नव्हती.

आणखी दोन गोष्टी नोकरी सोडायच्या आधीच उरकाव्यात. आरोग्यविमा स्वतःचा घ्यावा, कारण नोकरी सुटली की कंपनीचं संरक्षणही जातं, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. दुसरी गोष्ट उद्यम नोंदणीची. ती फुकट होते. २००६च्या कायद्याने लहान उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. मी व्याज कधी मागितलेलं नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून इथल्या कंपन्यांच्या लेखा विभागातून फोन लवकर येतात.

पैशाचं असं बसवता आलं. दिवसाचं बसवणं जास्त कठीण गेलं. बाईचा खंड घर गिळून टाकतं. "आता घरीच आहेस ना," या वाक्याने सुरुवात होते. गॅसवाला, सोसायटीची बैठक, नणंदेच्या मुलाची प्रवेशपरीक्षा, डबे, पाहुणे. २०१९च्या खंडात दोन महिने संपले तेव्हा माझ्या वहीत एकही नवीन ओळ नव्हती. मग एका संध्याकाळी सासूबाईंना शेजारी बसवून सगळं सांगितलं. किती दिवस काम नसेल, किती पैसे बाजूला आहेत, सकाळी नऊ ते एक मी दाराआड काय करते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? मला वाटायचं, तुला काढून टाकतात." तेव्हापासून नऊला दार लागलं की दारावरची बेल त्या बघतात.

त्या चार तासांत मी जे करते, ते अण्णांच्या भाषेत कोळपणी. पाऊस नसताना कोळपं फिरवलं की जमिनीच्या भेगा बुजतात, तण निघतं, आतली ओल उडून जात नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं शेतकरी म्हणतात. संपलेल्या कामात कुठे अडलं, कसं सुटलं, ते ग्राहकाची गुपितं वगळून आठवणीत ताजं असतानाच लिहून काढते. पोस्टग्रेसची नवी आवृत्ती घरच्या यंत्रावर चालवून, मुद्दाम मोडून बघते. रोज दोन जुन्या सहकाऱ्यांना निरोप पाठवते. 'काही काम असेल तर सांगा' असा निरोप कोणाच्या लक्षात राहत नाही. 'विमा कंपनीचं ओरॅकलचं स्थलांतर नुकतंच पूर्ण केलं, १६ फेब्रुवारीपासून नवं काम सुरू करता येईल' हा राहतो. माझी बहुतेक कामं अशाच निरोपांतून आली. हे निरोप कंत्राट संपायच्या दोन महिने आधी सुरू करायचे असतात. या वेळी शेवटच्या हस्तांतराच्या गडबडीत मी ते केलं नाही. म्हणून हा खंड लांबला आहे.

काल अण्णांचा पुन्हा फोन आला. एका बँकेच्या कामाचं तोंडी ठरलंय, पण पीओ आलेला नाही, म्हणून बाकीच्या दोन ठिकाणची बोलणी चालूच ठेवलीत, असं सांगितलं. पीओ म्हणजे काय ते त्यांनी विचारलं. म्हटलं, खरेदीचा लेखी हुकूम, तो हातात आल्याशिवाय काम धरायचं नसतं.

"म्हंजे पेरणीला वापसा यायचाय अजून," ते म्हणाले. "तिफण तयार ठेव."

मग यंदा हरभऱ्याला घाटे कसे धरलेत, ते सांगत बसले.