म्हाताऱ्यांच्या तोंडची हकीकत

गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, "आजा, तुमचा जन्म कोणत्या सालचा?" तो साल सांगणार नाही. तो म्हणेल, "राज्य बदललं तव्हा मी गुरं राखत व्हतो." झालं! साल कळलं. निजामाचे राज्य गेले 17 सप्टेंबर 1948 रोजी. तेव्हा गुरे राखणारे पोर आठ-दहा वर्षांचे असणार. म्हणजे आजाचे वय आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. अशी माणसे तुमच्या गावात किती उरली? बोटांवर मोजून पहा.

त्यांच्याबरोबर त्यांची हकीकतही जाते. ती कागदावर कुठेच नसते. जुन्या कागदावर नाव कुणाचे? ज्याच्याकडे जमीन होती त्याचे. सालगड्याचे नाव नाही. पहाटे उठून जात्यावर बसणाऱ्या बाईचे तर नाहीच. त्यातून निजामाच्या अमलात सरकारी कारभार उर्दूत चाले. आपल्या गावचा कागद आपल्यालाच वाचता येत नसे.

म्हणून आठवणी ऐकायच्या आणि लिहून ठेवायच्या. शिकलेले लोक याला मौखिक इतिहास म्हणतात. मौखिक म्हणजे तोंडी.

हे काम आपल्याकडे नवे नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी हेच केले. चक्रधर स्वामींना ज्यांनी पाहिले होते, त्यांच्याकडे ते गेले. प्रत्येकाची आठवण ऐकली. नागदेवाचार्यांकडून ती तपासून घेतली. त्यातून 'लीळाचरित्र' झाले. अलीकडे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर ओव्या झाल्या! त्या म्हणणाऱ्या कित्येक बायांना अक्षर येत नव्हते. पण ओवीबरोबर बाईचे नाव आणि गाव लिहिले गेले.

आपला हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा निघाला. जिल्हा नवा, पण माणसे जुनी, आणि नाना परीची. नर्सी हे संत नामदेवांचे गाव मानतात. औंढ्याला नागनाथ आहे. कळमनुरीकडे आंध आदिवासींची घरे आहेत. मोहल्ल्यात दखनी बोली ऐकू येते. माळावर बंजाऱ्यांचे तांडे आहेत. बंजारे पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. मग त्यांनी काय केले? पहिले शेत कसे मिळाले? हे तांड्यावरची याडीच सांगेल. तिला तिच्या गोरमाटीत बोलू द्या. मराठी करायची घाई नको.

एकाच घरी ऐकून गावची हकीकत होत नाही. 1948 चेच घ्या. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली, हे पुष्कळांनी ऐकले आहे. ते खरेच आहे. पण पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात कित्येक मुसलमान घरांवरही संकट आले. निरपराध माणसे मेली. ही गोष्ट पारावर कमी बोलली जाते. दोन्ही घरी जा. दोघांचे ऐका. सांगणे जुळले नाही तर भांडू नका. दोन्ही लिहा आणि कुणी सांगितले तेही लिहा. सांगणाऱ्याने म्हटले, "माझं नाव घालू नको," तर घालू नका. कुणी रडू लागले तर वही मिटा. त्या दिवशी पुढे विचारू नका.

विचारायचे कसे? "निजामाचं राज्य कसं होतं?" असे विचाराल तर उत्तर येईल, "वाईट होतं." संपलं! त्यापेक्षा विचारा, "सकाळी काय खात होता? पाणी कुठून आणत होता? हाली रुपयाला काय काय यायचं?" मग बोलणे सुटते. 1972 च्या दुष्काळाचे विचारा. खडी कुठे फोडली? सुकडी कशी लागायची? मिलोची भाकर कशी थापली? बायांना हे जास्त आठवते. पण माणसे जवळ असली की त्या बोलत नाहीत. म्हणून बायांनी बायांकडे जावे, दुपारी, शेंगा फोडताना.

मोबाईलमध्ये आवाज भरता येतो. भरण्याआधी विचारा. पण मोबाईल बिघडतो, हरवतो, म्हणून वहीत उतरवून घ्याच. वर नाव, गाव, अंदाजे वय आणि तारीख घाला. एक प्रत त्या घरी द्या, दुसरी शाळेत किंवा वाचनालयात ठेवा.

लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवा. आजी मध्येच थांबवील. म्हणेल, "असं न्हाई रं. बैल पांढरा नव्हता, तांबडा व्हता." तिथे पांढरा खोडा आणि तांबडा लिहा.