संगणकाचे एकटे जागले

मंडळी, जवळा बाजारच्या शिवारात काय किंवा आणखी कुठे काय, ज्वारी भरली की जागलीला जाणाऱ्याला एक आधार असतो. त्याने मचाणावरून हाळी दिली की पलीकडच्या मचाणावरून ओ येते. संगणकाची राखण करणाऱ्या पहिल्या माणसांना अशी ओ देणारे फारसे कुणी नव्हते.

संगणकाचा विषाणू म्हणजे जंतू नव्हे बरं का! तोही माणसानेच लिहिलेला प्रोग्रॅम. १९९०च्या सुमारास तो फ्लॉपी नावाच्या चकतीवरून या यंत्रातून त्या यंत्रात जाई. ‘मायकेलँजेलो’ हा विषाणू वर्षभर गुपचूप बसे आणि ६ मार्चला यंत्र सुरू केले की साठवलेली माहिती बिघडवून टाकी.

त्या काळात पुण्यात कैलास काटकर यांचे कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते. शिक्षण दहावीपर्यंत. पुढे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले आणि त्यांत पुष्कळ विषाणूंनी बिघडलेले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले. पण विचारायचे कुणाला? आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले तेच १५ ऑगस्ट १९९५ला. तोवर गिऱ्हाइकाचे बिघडलेले यंत्र हेच पुस्तक आणि तोच गुरुजी!

आणखी एक अडचण होती, आणि मला तर तीच मोठी वाटते. दुरुस्तीत बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवता येतो. राखण चांगली झाली तर दाखवणार काय? काहीच घडलेले नसते. मग पैसे कशाचे, असे लोक विचारणारच. या काटकर बंधूंच्या कंपनीने २००७ साली ‘क्विक हील’ हे नाव घेतले.

परदेशातही निराळे नव्हते. १९८६ साली अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञांना हिशेबात अवघ्या ७५ सेंटांची तूट दिसली. कुणीतरी चोरून यंत्र वापरत होते. तपासखात्याने एवढ्याशा रकमेकडे लक्ष दिले नाही. स्टॉल प्रयोगशाळेतच झोपले, छपाईयंत्रे जोडून चोराची प्रत्येक हालचाल कागदावर उतरवली. माग निघाला थेट पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात! चोरलेली माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकली जात होती.

आपल्याकडे २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, २००४ साली संगणकावरील हल्ल्यांची दखल घेणारी ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्था निघाली. आता जवळा बाजारात कुणाच्या खात्यातून भामट्याने पैसे काढले, तर १९३० या क्रमांकावर फोन करता येतो. मात्र तो तात्काळ करावा. पैसा पुढच्या खात्यात सरकला की अडवणे अवघड जाते. गुरुजींनी हा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवावा, म्हणजे मुलांबरोबर तो घरोघर जाईल.