वयाचा दाखला
लेखमाला : व्याधी आणि समाज — लेखांक सहावा

गेल्या आठवड्याच्या लेखांकात मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उद्भवणारा मांसल उंचवटा, ज्याला वैद्यकात पॉलिप म्हणतात, तो पुष्कळ वर्षे निरुपद्रवी राहून अखेरीस कर्करोगाचे रूप कसे धारण करतो, याचे विवेचन केले होते. ही वाटचाल बहुधा दहा वर्षांची किंवा त्याहूनही दीर्घ असल्यामुळे हा रोग प्रायः उतारवयात प्रकट व्हावा हे ओघानेच येते, आणि अलीकडपर्यंत जगाचा अनुभवही तसाच होता. परंतु ज्या वयात मनुष्य नोकरीत नुकता कायम झालेला असतो, घराच्या कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात आणि मूल बालवाडीत जाऊ लागलेले असते, त्या तिशी-चाळिशीच्या वयात मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग आता अधिकाधिक आढळू लागला आहे. म्हणून या वयाच्या रुग्णांचा विचार स्वतंत्रपणे करणे अगत्याचे वाटते.

प्रथम आकड्यांकडे वळू. अमेरिकेत १९५०च्या सुमारास जन्मलेल्या पिढीला ज्या वयात या रोगाचा जेवढा धोका होता, त्याच वयात १९९०च्या सुमारास जन्मलेल्या पिढीला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा चौपट आहे, असे २०१७ साली तेथील संशोधकांनी दाखवून दिले. १९९५ साली तेथील या रोगाच्या एकंदर रुग्णांत पंचावन्न वर्षांखालचे रुग्ण शेकडा ११ होते. २०१९ साली ते शेकडा २० झाले. पन्नाशीच्या आतील पुरुषांच्या कर्करोगजन्य मृत्यूंत आज तेथे या रोगाचा क्रमांक पहिला लागतो. याच कारणाने, प्रकृती ठणठणीत असलेल्या माणसांनीही आतड्याची तपासणी पन्नासाव्या वर्षी सुरू करावी असा जो दंडक होता, तो २०२१ साली बदलून पंचेचाळीसाव्या वर्षावर आणला गेला. हा प्रकार एकट्या अमेरिकेचाही नव्हे. पन्नास देशांच्या नोंदी ताडून पाहता त्यांपैकी सत्तावीस देशांत तरुणांमधील हे प्रमाण वाढत असल्याचे आढळले, आणि न्यूझीलंड, चिली व इंग्लंड यांसारख्या परस्परांहून भिन्न देशांत ही वाढ विशेष वेगाची दिसली.

आपल्याकडील चित्र वाचताना मात्र सावधपणा बाळगला पाहिजे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात या रोगासाठी आलेल्या आठशे रुग्णांचा जो आढावा प्रसिद्ध झाला आहे, त्यात रुग्णाचे सरासरी वय सत्तेचाळीस वर्षे भरले. पाश्चात्त्य देशांतील सरासरीहून हे वय सुमारे वीस वर्षांनी कमी आहे. पण एवढ्यावरून आपल्या तरुणांत या रोगाने थैमान घातले आहे असा निष्कर्ष काढणे न्याय्य होणार नाही. ज्या देशाची निम्मी लोकसंख्या तिशीच्या आत आहे, तेथे कोणत्याही रुग्णालयाच्या दारात तरुण चेहरे अधिक दिसणारच. खरा प्रश्न, विशिष्ट वयाच्या दर लाख माणसांमागे दरसाल किती जणांना रोग होतो, हा असतो, आणि त्याचे उत्तर रुग्णालयाच्या दफ्तरातून मिळत नाही. ते १९६३ साली मुंबईत सुरू झालेल्या किंवा १९८७ साली बार्शी येथे ग्रामीण भागासाठी सुरू झालेल्या कर्करोग-नोंदणीसारख्या, एका प्रदेशातील सर्व रुग्णांची चिकाटीने नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थांतूनच मिळते. त्या नोंदींप्रमाणे हा रोग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने अद्याप पुष्कळ विरळ आहे. तथापि ज्या घरात तो आला त्या घराला विरळपणाचे समाधान कसले? आणि आपल्याकडे अशा रुग्णांपैकी पुष्कळजण रोग बराच पुढे गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात, ही गोष्ट तर आकड्यांच्या कोणत्याही वादापलीकडची आहे.

तरुणांत हा रोग का वाढावा? धोका जर पिढीगणिक चढत असेल, तर त्याचे कारण त्या पिढ्यांच्या बालपणात किंवा पहिल्या तारुण्यात शोधले पाहिजे, हे उघड आहे. स्थूलता, बैठे जीवन, गोड पेये, कारखान्यात तयार होऊन पुडक्यांतून येणारे खाद्यपदार्थ आणि लहानपणी वारंवार दिली गेलेली प्रतिजैविके, या सर्वांवर संशयाची सुई आहे. यात सर्वांत लक्षवेधी पुरावा २०२५ साली पुढे आला. आपल्या आतड्यात वस्ती करणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष निर्माण करतात, आणि ते विष पेशीतील आनुवंशिक द्रव्यावर स्वतःची ओळखू येण्यासारखी खूण ठेवून जाते. अकरा देशांतील नऊशेहून अधिक रुग्णांच्या गाठींचे परीक्षण केले तेव्हा चाळिशीच्या आतील रुग्णांत ही खूण सत्तरीपलीकडच्या रुग्णांच्या तिपटीहून अधिक वेळा सापडली. आणि तिची स्थिती पाहता ही इजा बहुधा आयुष्याच्या पहिल्या दशकातच झालेली असावी, असे अनुमान संशोधकांनी मांडले. रोगाचे सर्व मूळ यात सापडले असे कोणी म्हणत नाही. परंतु पस्तिसाव्या वर्षी प्रकट होणाऱ्या व्याधीचा आरंभ पाळण्यापासून फार दूर नसू शकेल, ही जाणीव रुग्णाच्या मनावरचे एक मोठे ओझे उतरवणारी आहे. ‘मी असे काय केले?’ या प्रश्नाने जो तरुण रात्र रात्र जागतो, त्याला पुष्कळदा प्रामाणिकपणे एवढेच सांगता येते, की त्याने जाणूनबुजून काहीही केलेले नाही.

दुसरे कारण घराण्यात असते. पन्नाशीच्या आत हा रोग झालेल्यांपैकी सुमारे सहांत एकाच्या शरीरात वारशाने आलेला जनुकीय दोष सापडतो. १८९५ साली मिशिगन विद्यापीठातील आल्ड्रेड वॉर्थिन या रोगनिदानतज्ज्ञाला एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने सांगितले, की आपल्या घरातली बहुतेक माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात आणि आपल्या वाट्यालाही तेच येणार. पुढे ती खरोखरच तशी गेली. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाची वंशावळ जमवून १९१३ साली प्रसिद्ध केली. हेन्री लिंच यांनी पुढे ज्या आनुवंशिक विकाराचा पाठपुरावा केला आणि जो आज लिंच सिंड्रोम या नावाने ओळखला जातो, त्याच्या अभ्यासाचा आरंभ त्या स्त्रीच्या कैफियतीत आहे. कारण घराण्याचा इतिहास सांगणाऱ्या माणसाचे बोलणे त्या वैद्याने कान देऊन ऐकले होते.

ही कान देऊन ऐकण्याची वृत्ती आज तरुण रुग्णाच्या वाट्याला कितपत येते, हा माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. तरुणांमधील हा रोग बहुशः आतड्याच्या डाव्या भागात किंवा गुदाशयात उद्भवतो, म्हणून शौचावाटे रक्त जाणे हे त्याचे वारंवार दिसणारे लक्षण होय. आणि आपल्या समाजात शौचावाटे रक्त गेले की ‘मूळव्याध असेल’ हे उत्तर प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच तयार असते. लज्जेमुळे माणूस कित्येक महिने कोणाजवळ बोलत नाही. बोललाच तर मित्र एखादे मलम सुचवतो, घरची वडीलधारी माणसे तिखट बंद करून ताक घ्यायला सांगतात, आणि तो वैद्याकडे गेला तरी त्याचे वय पाहून हाताने तपासण्याचे किंवा दुर्बिणीने पाहण्याचे टाळले जाते. स्त्री असेल तर रक्तक्षयाचे खापर मासिक पाळीवर किंवा बाळंतपणावर फुटते. अशा रीतीने जन्मतारखेलाच निरोगीपणाचा दाखला मानले जाते, आणि त्या दाखल्यावर भरवसा ठेवून सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही अधिक मुदत निघून जाते. मूळव्याध हाच पुष्कळ अधिक आढळणारा विकार आहे, यात शंका नाही, आणि रक्त दिसताच कोणी मरणाची धास्ती घेण्याचेही कारण नाही. परंतु मूळव्याध आहे असे तपासून ठरवणे निराळे आणि वय पाहून मानून घेणे निराळे.

म्हणून चार लक्षणे प्रत्येक घरात ठाऊक असावीत : शौचावाटे रक्त जाणे, दीर्घकाळ टिकणारी पोटदुखी, न थांबणारे जुलाब, आणि लोहाच्या अभावाने झालेला रक्तक्षय. पन्नाशीच्या आतील रुग्णांच्या मागील नोंदी पाहता, निदानाच्या तीन महिन्यांपासून दोन वर्षे आधीपर्यंतच्या काळात ही चार लक्षणे इतरांहून अधिक वेळा नोंदलेली आढळली आहेत. यांपैकी एखादे लक्षण काही आठवडे टिकले तर वय तीस असो वा साठ, गुदाशयाची प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी, आणि शंका उरली तर मोठे आतडे दुर्बिणीने पाहण्यास, म्हणजे कोलोनोस्कोपीस, हरकत घेऊ नये. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला हा रोग झालेला असल्यास त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाहून दहा वर्षे आधी किंवा चाळीसाव्या वर्षी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा, लक्षण नसतानाही तपासणी सुरू करावी.

निदान झाल्यावर वयाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने उभा राहतो. पंचाहत्तर वर्षांच्या रुग्णाच्या आणि बत्तीस वर्षांच्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेत, केमोत किंवा ज्याला आपले रुग्ण ‘शेक’ अथवा ‘लाईट’ म्हणतात त्या किरणोपचारात तत्त्वतः फारसा भेद नसतो. भेद असतो तो त्या उपचारानंतर काढावयाच्या आयुष्यात. ओटीपोटाला दिलेल्या शेकाने स्त्रीची बीजांडकोषे निकामी होऊन अकाली ऋतुनिवृत्ती येते आणि गर्भाशयही गर्भधारणेस असमर्थ होऊ शकते. पुरुषाची प्रजननक्षमता कमी होऊ शकते. यावर तजवीज आहे, पण ती उपचारापूर्वीच करावी लागते : पुरुषाचे वीर्य गोठवून ठेवण्यास थोडेच दिवस पुरतात, स्त्रीचे बीज किंवा भ्रूण जतन करण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि बीजांडकोषे किरणांच्या मार्गातून शस्त्रक्रियेने बाजूला सरकवताही येतात. हा विषय काढण्यास रुग्ण संकोचतो आणि जीव वाचवण्याच्या घाईत वैद्यालाही तो दुय्यम वाटतो. म्हणून पहिल्याच भेटीत तो विचारला जावा, आणि रुग्णाच्या तोंडून निघाला नाही तर सोबतच्या माणसाने काढावा.

तीच गोष्ट इतर परिणामांची. ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध घेणाऱ्याला थंड पाण्यात हात घालणे किंवा शीतपेटीतील भांडे धरणे कित्येक दिवस असह्य होते, आणि बोटांचा बधिरपणा पुढे वर्षानुवर्षे उरू शकतो. ज्याची उपजीविका बोटांच्या कसबावर आहे त्याने हे आधीच सांगितले पाहिजे. शौचमार्ग पोटावर काढून लावलेली पिशवी काहींना काही महिने, काहींना जन्मभर बाळगावी लागते. ती बाळगून माणसे कचेरीत जातात, लोकलने प्रवास करतात, संसार करतात, हे नव्या रुग्णाला वैद्याहून एखादा जुना रुग्ण अधिक खात्रीने सांगू शकतो. साओ पावलोच्या शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी दाखवून दिले, की शेक आणि औषधांनी गुदाशयातील गाठ पूर्णपणे विरली असेल तर निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया न करता कडक देखरेख ठेवणे शक्य असते. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये विशिष्ट जनुकीय दोषाच्या गुदाशय-कर्करोगावर डोस्टार्लिमॅब हे औषध दिले असता पहिल्या बाराही रुग्णांच्या गाठी नाहीशा झाल्या. असे रुग्ण गुदाशयाच्या कर्करोगात शेकडा पाच ते दहाच असतात आणि औषधही अतिशय महाग आहे. पण गाठीत तो दोष आहे की नाही ही तपासणी प्रत्येक रुग्णाची व्हावी, याला एवढे कारण पुरेसे आहे.

आणि मग उरतो तो रोजचा संसार. ‘टाटाला न्या’ असा सल्ला मिळाल्यावर विदर्भ-मराठवाड्यातून परळला येणाऱ्या कुटुंबाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा लाभतो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांच्या खर्चाचा भार हलका होतो, रेल्वे भाड्यात रुग्णाला आणि सोबत्याला सवलत मिळते. या तिन्हींची माहिती पहिल्याच दिवशी करून घ्यावी. परंतु तरुण रुग्णाची खरी कुचंबणा कोणत्याही अर्जाने सुटत नाही. नोकरी जाईल म्हणून तो रोगाचे नाव रजेच्या अर्जात लिहीत नाही. अविवाहित मुलीचे आईबाप, सोयरीक जुळणार नाही म्हणून, ‘पोटाचे ऑपरेशन झाले’ एवढेच नातलगांना सांगतात. आणि म्हाताऱ्या आईबापांचा आधार व्हावयाच्या वयात त्यांच्याकडूनच सेवा घ्यावी लागते, ही खंत शरीराच्या वेदनेहून अधिक बोचते. हा रोग स्पर्शाने होत नाही आणि बरा झालेला माणूस पूर्ववत् काम करू शकतो, हे वाक्य आपण सारे मान्य करतो. ते कचेरीतील वरिष्ठाने रजा मंजूर करताना आणि सोयरिकीच्या बैठकीत बसलेल्या वडीलधाऱ्यांनी निर्णय देताना मान्य केले, तरच त्याला अर्थ आहे.

उपचारांनंतरही रुग्णाच्या हाती काही उरते, ही मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्ण केलेल्या ८८९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना तीन वर्षे मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम दिला गेला, त्यांच्यापैकी शेकडा ८० जण पाच वर्षांनी रोगमुक्त होते. ज्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली गेली त्यांच्यात हे प्रमाण शेकडा ७४ होते. एखाद्या नव्या औषधाने एवढा लाभ दिला असता तर त्याचा केवढा गाजावाजा झाला असता! तेव्हा केमो संपल्याच्या दिवशी रुग्णाच्या हाती पुढच्या तपासण्यांच्या तारखांबरोबर त्याला झेपेल असा व्यायामाचा क्रमही लिहून दिला जावा, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

सारांश, तरुण माणसाचे वय वैद्याने आणि समाजाने दोनदा विचारात घ्यावे. लक्षण दिसते तेव्हा त्या वयाच्या भरवशावर तपासणी लांबणीवर टाकू नये. आणि उपचार ठरतात तेव्हा त्या वयापुढे अजून चाळीस वर्षांचे आयुष्य, संसार आणि उद्योग आहे, हे क्षणभरही विसरू नये. आज यातली पहिली चूक घरोघरी होते आणि दुसरी रुग्णालयात. दोन्ही टाळण्यास कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.

पुढील लेखांकात घराण्यातील रोगाची वंशावळ कशी लिहावी, जनुकीय तपासणी कोणी व केव्हा करून घ्यावी, आणि तिचा निकाल भावंडांना कसा सांगावा, याचा विचार करू.