व्हीगन घरातली मांजर

मांजर मुळातच मांसाहारी प्राणी. टॉरिन हे द्रव्य तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि वनस्पतींत ते जवळपास नसतंच. ते कमी पडलं की दृष्टिपटल झिजतं, हृदयाचे स्नायू दुबळे होतात. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिला. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणंही तिला जमत नाही. त्यामुळे वाटीतला डाळभात तिने चाटूनपुसून संपवला, तरी पोषण होत नाही.

प्राण्यांवरच्या मायेपोटी मांस सोडलेल्या माणसाची इथे होणारी ओढाताण खरीच आहे. कृत्रिम टॉरिन घातलेलं वनस्पतिजन्य खाद्य मिळतं. पण ते द्यायचं तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली, रक्त-लघवी तपासत. लघवी अल्कधर्मी झाली की खडे धरतात आणि बोक्याचा अरुंद मूत्रमार्ग तुंबू शकतो. तो मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, थेंबही पडत नाही. अशा वेळी तडक दवाखाना गाठावा.