बाराचे झाले साडेपंधरा!

ट्रान्सफॉर्मरवर ठसठशीत छापलंय 12 व्होल्ट. चार डायोडचा ब्रिज जोडला, कपॅसिटर लावला, मल्टिमीटर टेकवला, तर आकडा साडेपंधराच्या वर! मीटर ठणठणीत आहे, दुकानदारानेही फसवलेलं नाही. 12 हा एसीचा आरएमएस आकडा, म्हणजे तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीचा. लाटेचं शिखर त्याच्या 1.414 पट, जवळजवळ 17 व्होल्ट. कपॅसिटर भरतो तो या शिखरापर्यंत. वाटेत दोन डायोड मिळून सुमारे 1.4 व्होल्ट खातात. उरले 15.6. त्यातून लहान ट्रान्सफॉर्मर लोडशिवाय छापील आकड्यापेक्षा जास्तच देतो, तेव्हा 17-18 दिसले तरी दचकू नका.

आता कपॅसिटर काढून नुसता रेझिस्टर जोडा. तोच मीटर साडेनऊच्या आसपास येतो! डीसीवर ठेवलेला मीटर सरासरी दाखवतो, शिखर नाही.

खरी परीक्षा लोड लागल्यावर. आपली वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून ब्रिजनंतर सेकंदाला 100 शिखरं. दोन शिखरांमधल्या वेळात लोडला कपॅसिटरच पोसतो. 1 अँपिअरला 1000 मायक्रोफॅरड लावला, तर हिशेबाने व्होल्टेज 10 व्होल्ट घसरतं. 4700 लावला तर 2. अँप्लिफायरची घुमघुम येते ती याच चढउतारातून, म्हणजे रिपलमधून. अमेरिकेत तीच घुमघुम 120 हर्ट्‌झची!

म्हणूनच स्थिर 12 व्होल्ट देणाऱ्या 7812 रेग्युलेटरला 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर देऊन पूर्ण 1 अँपिअर मागणं चूक. त्याला आत साधारण साडेचौदा व्होल्ट लागतात आणि 4700 लावूनही रिपलच्या तळाशी उरतात साडेतेरा. सरळ 15 व्होल्टचा घ्या, कपॅसिटर 35 व्होल्टचा.

बारा-झिरो-बारा ट्रान्सफॉर्मरच्या टोकाच्या दोन तारा ब्रिजला दिल्या, तर 32 व्होल्टच्या वर मिळतात. 25 व्होल्टचा कपॅसिटर तिथे फुटू शकतो.

ब्रिजचं पेटंट 1890च्या दशकातलं, कारोल पोलाक या पोलिश संशोधकाचं. ॲल्युमिनिअमच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंही पेटंट त्याचंच!

आणि मोबाइल चार्जर? त्यात 230 व्होल्ट आधी थेट ब्रिजवर जातात आणि आतल्या कपॅसिटरवर 325 व्होल्ट डीसी साठतं. प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथे राहू शकतं, म्हणून उघडलेल्या चार्जरला लगेच हात लावू नका.