चिमणीची वहिवाट

परवा २० मार्चला जागतिक चिमणी दिवस पार पडला. भाषणे झाली, लाकडी खोकी वाटली गेली, पाण्याने भरलेल्या मातीच्या भांड्यांशेजारी उभे राहून पुष्कळांनी आपापली छायाचित्रे काढून घेतली. परंतु ज्या पक्ष्याच्या नावाने हा सोहळा होतो त्याचा संसार आपल्या घराच्या भिंतीत कसा मांडला जातो, तो कशाच्या बळावर उभा राहतो आणि कशाच्या अभावी मोडतो, याची चौकशी करण्यास त्या गर्दीत कोणास सवड मिळाली असेल असे वाटत नाही. नाशिककरांस तर ही चौकशी टाळण्याची मुभाच नाही. कारण आज अनेक देशांत पाळल्या जाणाऱ्या या दिवसाचा उगम आपल्याच शहरात आहे.

मोहम्मद दिलावर हे नाव नाशिकला नवे नाही. त्यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीने फ्रान्समधील इको-सिस अ‍ॅक्शन फाउंडेशनच्या सहकार्याने २०१० साली पहिला चिमणी दिवस साजरा केला. त्यापूर्वी दोन वर्षे, २००८ मध्ये, 'टाइम' साप्ताहिकाने पर्यावरणक्षेत्रातील वीरांच्या मालिकेत त्यांची गणना केली होती. आणि पुढे २०१२ साली दिल्लीने चिमणीस राज्यपक्ष्याचा मान दिला, त्यामागेही त्यांचाच पाठपुरावा होता. परंतु मानसन्मानांच्या या यादीहून मला त्यांच्या भूमिकेचे महत्त्व अधिक वाटते. वाघासाठी प्रकल्प असतात, माळढोकासाठी अभयारण्य असते, गिधाडासाठी प्रजननकेंद्रे असतात. जो पक्षी दुर्मिळ नाही, देखणा नाही आणि ज्याला पाहण्यास कोणी प्रवास करीत नाही, त्याची फिर्याद दाखल करून घेण्यास मात्र निसर्गप्रेमाच्या कोणत्याही कचेरीत खिडकी नव्हती. ती खिडकी दिलावरांनी उघडली. सामान्य पक्षी नाहीसा झाल्यावर त्याची मोजदाद करण्यापेक्षा तो समोर असतानाच त्याच्या नोंदी ठेवाव्यात, हा त्यांचा आग्रह साधा असला तरी आपल्या एकंदर पक्षिप्रेमाची उणीव नेमकी दाखविणारा आहे. त्यांच्या चळवळीतून निघालेली खोकी घरोघर गेली. तो आग्रह मात्र तितक्या घरांत गेला नाही, आणि माझी तक्रार आहे ती एवढीच.

चिमणीचा संसार पाहण्यास दुर्बीण लागत नाही. पहाटे उठून निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरच्या पाणथळीपर्यंत जाण्याचेही प्रयोजन नाही. बिळाचे तोंड दिसेल, पण त्या जोडप्याच्या येण्याजाण्याच्या वाटेत आपण येणार नाही, अशी एक जागा आणि न कंटाळता बसण्याची वृत्ती एवढे भांडवल पुरते. आरंभ नर करतो. गळ्याखाली काळा डाग मिरविणारा हा गृहस्थ प्रथम जागा हेरतो, तिच्या तोंडाशी बसून तासन् तास एकाच सुरात ओरडत राहतो, आणि एखादी मादी जवळ आली की पंख थरथरवून तिला आत येण्याची गळ घालतो. ती आत डोकावते, पुष्कळदा काही न बोलता निघून जाते, आणि पसंत पडली तरच दोघे मिळून गवताच्या काड्या, सुतळीचे धागे, कापूस, कागदाचे कपटे आणि कोठून कोठून मिळविलेली पिसे आत नेऊ लागतात. बाहेरून गबाळा वाटणारा तो ढीग आतून पिसांनी मऊ केलेला असतो. त्यात रोज एक याप्रमाणे बहुधा तीन ते पाच अंडी पडतात. ती पांढरट असून त्यांवर राखी-तपकिरी ठिपके असतात. उबविण्याचे काम मुख्यतः मादीकडे असले तरी नरही मधूनमधून पाळी घेतो, आणि ११ ते १४ दिवसांत बिळातून अगदी क्षीण, कान देऊन ऐकावा लागणारा आवाज येऊ लागतो.

येथून पुढचा पंधरवडा हाच पाहणाऱ्याच्या खऱ्या लाभाचा. पिल्ले जन्मतः उघडीनागडी व आंधळी असतात. चारपाच दिवसांनी त्यांचे डोळे उघडतात, मग पिसांचे कोंब फुटतात, आणि सुमारे दोन आठवड्यांत ती घरट्याबाहेर पडतात. या अवधीत आईबाप दिवसभर ये-जा करीत राहतात; आत जाताना चोचीत घास असतो, आणि पहिल्या काही दिवसांनंतर बाहेर येताना पुष्कळदा पिल्लांच्या विष्ठेची पांढरी गोळी असते, ती ते दूर नेऊन टाकतात. परंतु सर्वांत बारकाईने पाहावे ते चोचीतील घासाकडे. एरव्ही धान्य टिपणारी चिमणी पिल्ले झाल्याबरोबर शिकारी बनते. मऊ अळ्या, मावा, लहान कीटक आणि कोळी यांवरच त्या पिल्लांचे पहिले दिवस निभतात, कारण वाढत्या शरीराला लागणारी प्रथिने कोरड्या दाण्यातून मिळत नाहीत. खिडकीत बाजरी पसरून पुण्यसंचय केल्याचे समाधान मानणाऱ्या सज्जनांनी हे ध्यानात घेतले पाहिजे की, त्या बाजरीवर मोठी चिमणी जगेल, पण आसपास अळी नसेल तर तिचे पोर जगणार नाही. इंग्लंडमध्ये चिमण्या इतक्या झपाट्याने घटल्या की, २००० साली 'इंडिपेंडंट' या वृत्तपत्राने त्याचे शास्त्रीय कारण सांगणाऱ्यास ५,००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. आणि पुढे लेस्टर शहरातील घरट्यांच्या अभ्यासात, जेथे कीटकांचा तुटवडा तेथे पिल्ले घरट्यातच दगावतात, असे आढळून आले.

जागेचे महत्त्व किती, याचा पुरावा आपल्याकडे याहून जुना आहे, आणि तो एका बालकाच्या वहीत सापडतो. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली सुमारे दहा वर्षांचे असताना, १९०६-०७ च्या सुमारास, चेंबूर येथे तबेल्याच्या भिंतीतील एका बिळात चिमणीने घर केले होते. नर बिळाजवळच्या खुंटीवर पहारा करी आणि मादी आत अंड्यांवर बसे. बंदुकीची हौस असलेल्या त्या मुलाने नर टिपला, तर थोड्याच वेळात त्या मादीने दुसरा नर आणला. तोही टिपला, तर तिसरा हजर झाला. आणि असे सात दिवसांत आठ नर त्या खुंटीवर मारले गेले. ही नोंद कित्येक दशकांनंतर प्रसिद्ध झाली. आज वाचताना त्यातील क्रौर्य खटकते. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष विसरता येत नाही. जोडीदार पुन्हा मिळतो, बीळ पुन्हा मिळत नाही. चिमणीच्या संसारात दुर्मिळ मिळकत कोणती असेल तर ती भिंतीतील पोकळी.

आणि नेमकी हीच मिळकत आपण खालसा केली. पंचवटीतील, भद्रकालीतील वा सराफ बाजारामागील जुन्या वाड्यांत चिमणीची वहिवाट कोणी कागदावर लिहून दिली नव्हती, तरी ती निर्वेध चालत असे. सागवानी तुळई जेथे भिंतीत शिरते तेथे राहिलेली फट, कौलांखालची वळचण, वापरात नसलेला कोनाडा, भिंतीवर झुकवून टांगलेल्या थोर पुरुषांच्या तसबिरींमागची सांदी, ही सारी तिच्या कबजात असत, आणि घरातील वडीलधारी माणसे केरात पडलेल्या काड्यांबद्दल कुरकुर करीत करीतच तिला अभय देत. अंगणात धान्य निवडले जाई, परसात भाजीपाला असे, कुंपण झुडपांचे असे. म्हणजे दाणा, अळी आणि बीळ ही तिन्ही एकाच चौकात मिळत. गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा येथे उभ्या राहिलेल्या इमारतींत सिमेंटची भिंत अभंग आहे, खिडकी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत घट्ट बसलेली आहे, आणि खालचे अंगण पेव्हर ब्लॉकखाली गाडले गेले आहे. त्यात शोभेची परदेशी झाडे, ज्यांवर स्थानिक कीटक क्वचितच पोसले जातात, आणि वर औषधांची फवारणी. अशा ठिकाणी चिमणी का येत नाही, असा प्रश्न विचारण्यापेक्षा तिने का यावे, असा विचारणे अधिक न्यायाचे होईल.

याऐवजी आपण आरोपी म्हणून मोबाइलच्या टॉवरला उभे केले, कारण त्याच्यावर ठपका ठेवला की आपल्या घराची झडती होत नाही. देशभरातील हजारो पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये सिद्ध झालेल्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालाने चिमणीचे प्रमाण देशात एकंदरीने स्थिर असल्याचे आणि मोठ्या महानगरांत मात्र ते घटत असल्याचे सांगितले. कारणांत कीटकांची घट व घरट्यांच्या जागांची टंचाई यांचा निर्देश केला, आणि टॉवरच्या प्रारणांविषयी भक्कम पुरावा नसल्याचेही नमूद केले. चिमणी नामशेष होत आहे, हा आक्रोश म्हणून अतिशयोक्तीचा. ती आपल्या घरातून बेदखल होत आहे, एवढेच खरे, आणि तेवढे पुरेसे लाजिरवाणे आहे.

तिची जागा कोणी घेतली, हे सांगावयास नकोच. कबुतराला बीळ लागत नाही, सज्जा पुरतो. आणि वातानुकूलन यंत्रांच्या कृपेने प्रत्येक मजल्याला तसे सज्जे फुटले आहेत. टपाल खात्याने २०१० साली चिमणी आणि कबुतर या दोघांची तिकिटे एकत्र काढली खरी, परंतु शहराने त्यांना सारखे वागविले नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढा कज्जा उभा राहिला ते वाचकांस स्मरत असेल. पोत्याने दाणे ओतणे हे पक्षिप्रेम नव्हे, हे त्या प्रकरणाने शिकविले असते तर बरे झाले असते.

खोके लावणेच व्यर्थ आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. ते विचाराने लावावे. त्याचे तोंड सुमारे ३२ मिलीमीटर व्यासाचे असावे, कारण त्याहून मोठ्या भोकातून साळुंकी शिरते. ते अडीच-तीन मीटर उंचीवर, सावलीत, पश्चिमेचे ऊन टाळून टांगावे, कारण एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या खोक्यात पिल्ले होरपळतात. तोंडाशी बसण्याची दांडी असू नये, तिचा उपयोग चिमणीपेक्षा शत्रूलाच अधिक. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून जवळजवळ दोनतीन खोकी असणे बरे. घरात घरटे असेल तर त्या खोलीतील छताचा पंखा पिल्ले उडेपर्यंत बंद ठेवावा. अर्धवट पिसांचे पिल्लू खाली पडलेले दिसले तर मांजरापासून दूर, उंच जागी ठेवून आपण बाजूला व्हावे. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लू टाकतात, ही समजूत निराधार आहे. आणि खोके उघडून आत मोबाइल धरण्याचा मोह कटाक्षाने आवरावा. वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी विस्कटणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येते, याचेही विस्मरण होऊ नये.

तथापि वैयक्तिक सद्भावनेवर शहराची व्यवस्था चालत नाही. इंग्लंडमधील ब्रायटन अँड होव्ह या शहराने २०२० पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींच्या भिंतींत पाकोळ्यांसाठी पोकळ विटा बसविण्याची अट घातली. त्या विटांत चिमण्याही घरे करतात. आपल्या राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारणाची अट आहेच. तिच्याच शेजारी, प्रत्येक नव्या इमारतीच्या भिंतीत काही पोकळ्या राखाव्यात आणि मोकळ्या जागेचा काही हिस्सा फरशीविना, देशी झुडपांसाठी सोडावा, एवढे एक कलम घालण्यास खजिन्यातून काही काढावे लागणार नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकात रस्ते, घाट आणि इमारती यांची कामे जोरात आहेत. चिमणी दिवसाचे जन्मस्थान म्हणून मिरविणाऱ्या महानगरपालिकेने हा ठराव पुढच्या २० मार्चपूर्वी सर्वसाधारण सभेपुढे आणावा, आणि नाशिककरांनी तोवर आपापल्या सोसायटीच्या बैठकीत अंगणातील दोन हात जागेवरचे पेव्हर ब्लॉक उखडण्याचा ठराव मांडावा.