दंडात कळ आली तर

करजण-डभोई भागात कापसाची गाठोडी गाडीवर चढविण्याचे दिवस आले, की दंड दुखावलेले लोक हमखास भेटतात. गाठोडे वर ढकलताना बहुधा काही होत नाही. ते हातातून सटकू लागते, आपण ते कसेबसे सावरत खाली घेतो आणि नेमकी त्याच वेळी दंडात कळ येते.

याला कारण आहे. लहान मुले हात वाकवून दंडाची बेटकुळी दाखवितात, तो हा स्नायू. वरच्या बाजूस तो दोन दोऱ्यांनी खांद्याच्या पात्याशी बांधलेला असतो व खाली एका दोरीने, कोपराच्या पुढे, अंगठ्याकडील हाडाला. कोपर वाकविणे आणि तळहात वर फिरविणे ही त्याची कामे. ओझे उचलताना तो आखडतो. ओझे खाली घेताना मात्र त्याला लांबत लांबत जोर धरावा लागतो. त्याचे तंतू तुटतात ते बहुतेक अशा वेळी.

दंड दुखावला की आपल्याकडे पहिली धाव तेलाच्या बाटलीकडे. घरातले कुणीतरी गरम तेलाने तो रगडून काढते. पहिले दोन-तीन दिवस हे मुळीच करू नये. आत तंतू तुटून रक्त साकळलेले असते. रगडल्याने ते वाढते, आणि फार जोराने रगडलेल्या स्नायूत कधी कधी हाडासारखी गाठही धरते. शेकही इतक्यात नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. बर्फ नसेल तर गार पाण्याची घडी चालते. ओझे उचलणे बंद ठेवावे. पट्टी बांधल्यास बोटे बधिर किंवा निळी होत नाहीत ना हे पाहावे.

हात महिनाभर झोळीत अडकवून ठेवणेही चुकीचेच. सांधा आखडतो आणि स्नायू वाळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, दुखेल त्याच्या अलीकडे थांबून, कोपर हळूहळू वाकवावे व सरळ करावे.

पुढचा क्रम आखाड्याकडून शिकावा. बडोद्याला ही परंपरा मोठी आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रोफेसर माणिकराव हाडे बसविण्यातही नावाजलेले होते, आणि दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात याच शहरातून निघाला. आखाड्यात नव्या मुलाच्या हाती पहिल्याच दिवशी कुणी जड जोडी देत नाही. दुखऱ्या दंडाचेही तसेच. दुखणे उतरले की पाण्याने भरलेला तांब्या उचलावा व अगदी सावकाश खाली आणावा. हे खाली आणणेच महत्त्वाचे, कारण इजा तिथेच झालेली असते. तांब्या दुखेनासा झाला की अर्धी बादली, मग पूर्ण. दुसऱ्या दिवशी ठणका लागला तर एक पायरी मागे यावे. किरकोळ इजा दोन-तीन आठवड्यांत भरून येते. तंतू बरेच तुटले असतील तर दोन महिनेही लागतात. सुगीच्या दिवसांत हे जड जाते हे आम्ही जाणतो. पण अर्धवट बऱ्या झालेल्या हाताने पोते धरले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

एका प्रकारात मात्र घरी थांबूच नये. दुखताना ‘फट्’ असा आवाज झाला, कोपराच्या पुढे काळेनिळे पडले, बेटकुळी खांद्याकडे वर सरकली आणि पेचकस पिळायला जोर येईना, तर खालची दोरी तुटली असे समजावे. ती शस्त्रक्रियेने पुन्हा जोडता येते, पण शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत; नंतर ती आखडते आणि काम अवघड होते. हाडवैद्याकडे किंवा लेपात दिवस न घालविता सयाजीराव इस्पितळासारख्या ठिकाणी हाडांच्या विभागात दाखवावे. बेटकुळी उलट कोपराकडे उतरली, तर वरची एक दोरी तुटलेली असते. हे पन्नाशीनंतर अधिक आढळते आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून निभावते. तरी डॉक्टरांना दाखवावेच.

आणि ओझे न उचलताच डाव्या दंडात कळ आली, बरोबर छाती भरून आली, घाम फुटला किंवा दम लागला, तर ते स्नायूचे दुखणे नव्हे. रोग्याला चालवू नये; मिळेल त्या वाहनाने तडक इस्पितळ गाठावे.